डब्याला दोन मुठी

भांडकुदळची चोच उघडायला तिघं लागतील असा अंदाज होता, पण ती एकट्या मधलीलाच उघडता आली. एरवी ही कोंबडी हात दिसला की टोचायची, पाण्याचं भांडं हललं की टोचायची, कारण नसलं तर कारण शोधून टोचायची. आज ती मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली होती.

"नीट धर," चष्मिस म्हणाला. "मी आत बघतो."

"तुला बाहेरचं धड दिसत नाही, आतलं काय दिसणार?" शिट्टी म्हणाली.

चष्मिसने चष्मा शर्टाला पुसला आणि वाकून पाहिलं. "जीभ पांढरी झालीय. कडेला सालं निघाल्यासारखी."

"काल लंगडीचीही तशीच होती," मधली म्हणाली.

लंगडी आज पहाटे गेली होती. तिच्या आदल्या दिवशी राणी. मावशीच्या मागच्या अंगणातल्या सहा कोंबड्यांपैकी आता चार उरल्या होत्या. ही भांडकुदळ, एकमेकींना सोडून न राहणाऱ्या दोन जुळ्या, आणि काजळी.

मधली म्हणजे तीन बहिणींतली मधली. वय बारा. सुट्टीला मावशीकडे आली त्याच दिवशी तिने कोंबड्या आपल्याकडे मागून घेतल्या होत्या. कोंबड्या पाळणं म्हणजे अंडी गोळा करणं, असं तिला वाटायचं. दोन दिवसांत कळलं, की ते मुख्यतः घाण खरवडणं आहे. पाणी दिवसातून तीनदा बदलायचं, कारण पहिलं पाणी पाच मिनिटांत मातीने भरतं. पिसांतल्या उवांसाठी राख टाकायची. संध्याकाळी सगळ्या आत गेल्या का ते बघून कडी लावायची, कारण भिंतीवरचं मांजर रोज त्याच वेळेला येऊन कडीकडे बघत बसतं. मधली हे सगळं न सांगता करायची. तिच्या मदतीला मावशीचे दोन मुलगे होते. थोरला चष्मिस तेरा वर्षांचा आणि धाकटा बटाटा आठ वर्षांचा. शेजारची शिट्टीही असायची. तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, की गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा कुत्रा उठून बसायचा.

"सभा भरलीय वाटतं," मागून आवाज आला.

काका दारात उभे होते. मावशीचे यजमान. अख्खी गल्ली त्यांना हेडमास्तर म्हणायची. शाळा सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती, पण शाळेने त्यांना अजून सोडलं नव्हतं. सुट्टी असली तरी घरातल्या मुलांनी रोज सकाळी एक पान शुद्धलेखन लिहून दाखवायचं, हा नियम होता.

"काका, भांडकुदळही आजारी पडली," मधली म्हणाली.

"पडणारच. कडी उघडी टाकायची, खरकटं घालायचं, घाणेरडे हात लावायचे. दुसरं काय होणार?"

"मी कडी कधीच उघडी टाकली नाही."

"दोन आठवडे तुझ्या ताब्यात आहेत ना? दोन आठवड्यांत दोन गेल्या." हे त्यांनी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या शिट्टीच्या आईला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात सांगितलं. त्यांच्या आवाजाला वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय होती. "रोग पसरलाय. मी कोंबडीवाल्याला निरोप दिला आहे. गुरुवारी दहा वाजता येईल आणि उरलेल्या घेऊन जाईल."

"काजळी अंड्यांवर बसलीय काका. तेरा दिवस झाले. आणखी आठ दिवसांत पिल्लं येतील."

"रोग आठ दिवस थांबेल का, विचार त्याला," काका म्हणाले आणि आत गेले.

काजळी खुराड्याच्या कोपऱ्यात टोपलीत बसली होती. काळीभोर, पंख पसरून, खाली नऊ अंडी. शिट्टीच्या घरी कोंबडा होता, म्हणून अंडी तिकडून आणली होती आणि प्रत्येकावर मधलीने शिसपेन्सिलीने तारीख घातली होती. कोंबडी अशी खुडूक बसली की जागची हलत नाही, खाण्याचीही तिला शुद्ध नसते. मधली दिवसातून एकदा तिच्या चोचीसमोर मूठभर मक्याचे दाणे धरायची. काजळी ते उपकार केल्यासारखे खायची.

आत्ताही तिने दाणे खाल्ले. डोळे लख्ख, तुरा लाल.

मधली तिच्याकडे बघत राहिली.

"रोग पसरलाय ना?" ती हळूच म्हणाली. "मग हिला का नाही झाला? ही तर त्याच खुराड्यात बसून आहे. रात्रंदिवस."

"ती वेगळं काय करते?" चष्मिसने विचारलं.

"काहीच करत नाही. नुसती बसते."

"वेगळं काय खाते?" शिट्टी म्हणाली.

तिघांनीही एकाच वेळी खुराड्याशेजारच्या डब्याकडे पाहिलं. पत्र्याचा उभा डबा, त्यात कोंबड्यांचा भरडा. त्यातून सगळ्यांना खाणं मिळायचं. एकट्या काजळीला नाही.

"झाकण काढ," मधली म्हणाली.

बटाटा पाण्याचा तांब्या घेऊन येतच होता. झाकणाला अडखळला, आणि तांब्यातलं निम्मं पाणी डब्यात गेलं.

"झालं," चष्मिस म्हणाला. "आता बाबा आपल्यालाच भरडतील."

"मी वरचं ओलं काढतो ना," म्हणत बटाट्याने हात घातला आणि तसाच बाहेर ओढला. "गरम आहे."

"काहीतरीच काय. पाणी गार होतं."

"लावून बघ हात. नाहीतर नको लावू. भाजतंय."

डब्यातून बारीक सूं सूं असा आवाज येत होता. भरड्यातले पांढरे खडे फुगून फुटत होते आणि त्यांच्यातून वाफ निघत होती. मधलीने आधी बटाट्याचा हात धरून नळाखाली घातला आणि तो 'पुरे, पुरे' म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ तिथेच ठेवला. मग सगळे डब्याभोवती उभे राहिले.

"कसला तरी वास येतोय," शिट्टी म्हणाली.

"शाळेच्या भिंतीचा," बटाटा हात फुंकत म्हणाला. "सुट्टीनंतर जातो ना आपण पहिल्या दिवशी, तसा."

मधलीने त्या दिवशी दोन कामं केली. डबा उचलून खाटेखाली लपवला, आणि भांडकुदळला व जुळ्यांना नुसता मका आणि स्वच्छ पाणी ठेवलं. जुळ्या थांबून थांबून पाणी पीत राहिल्या. भांडकुदळने संध्याकाळी दोन दाणे उचलले.

बुधवारी सकाळी शुद्धलेखनाचं पान देऊन चौघं बाहेर पडले. गल्लीत भिंतीचं काम एकाच ठिकाणी चालू होतं. गवंडी पिंपात काठीने चुना ढवळत होता, आणि पिंप काल डबा बोलत होता तसंच बोलत होतं.

"लांब उभे राहा रे," गवंडी म्हणाला. "कळीचा चुना आहे. उडाला तर डोळा जाईल."

"कळीचा म्हणजे?" चष्मिसने विचारलं.

"भट्टीतून आलेला, कोरडा. पाणी लागलं की तापतो. एकदा विरला की मग भिंतीला लावायचा. का? घर बांधताय का?"

"तुमच्याकडून हा कुणी मागून नेला का?" मधलीने विचारलं.

"तुमच्या सरांनीच की. शुक्रवारी. कोंबड्यांना हवाय म्हणाले. मी म्हटलं, खुराड्याला लावायचा असेल. म्हणून सांगितलंसुद्धा, सर, विरवल्याशिवाय वापरू नका, खाण्यापिण्यात तर कणभर जाऊ देऊ नका, जीभ सोलून निघते. तर म्हणाले, 'तू भिंत बांध, मला शिकवू नकोस.'" गवंड्याने काठी पिंपाच्या काठावर आपटली. "शिकवायचं त्यांनीच असतं ना. आम्ही काय बोलणार."

चौघं परत निघाले.

"म्हणजे बाबांनीच कोंबड्यांना चुना लावला?" बटाट्याने विचारलं.

शिट्टीला हसू फुटलं. चष्मिसचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"पण का?" चष्मिस म्हणाला. "ते चक्रम नाहीत. कुणीतरी सांगितल्याशिवाय कशाला घालतील?"

उत्तर घरातच लटकत होतं. ओसरीवर एका खिळ्याला काका महत्त्वाच्या चिठ्ठ्या टोचून ठेवायचे. वरून चौथ्या चिठ्ठीवर गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोननंबर होता आणि खाली काकांच्या घाईच्या अक्षरात एक ओळ होती.

"चुन, डब्याला दोन मुठी," शिट्टीने वाचलं. "चुन म्हणजे?"

"चुना असेल. काना राहिला," चष्मिस म्हणाला. "पण बाबा काना विसरणार नाहीत. मी विसरलो तर दहा वेळा लिहायला लावतात."

मधलीने चिठ्ठी उजेडात धरली. "विसरलेले नाहीत. काना आहे. मागच्या अक्षराला जाऊन चिकटलाय. हा न नाहीच. हा र आहे. र आणि पुढे काना."

"चुरा," चष्मिसने वाचलं. मग तो पायरीवर बसला. "अंडी मऊ कवचाची येत होती, तेव्हा बाबांनी फोन केला होता. तू यायच्या आधी. डॉक्टरीणबाईंनी शिंपल्यांचा चुरा सांगितला असणार. बाबांनी लिहून टोचून ठेवला. आणि दहा-बारा दिवसांनी वाचला तेव्हा..."

"तेव्हा त्यांना स्वतःचंच अक्षर लागलं नाही," शिट्टीने वाक्य पुरं केलं.

गुरांच्या दवाखान्याला बुधवारी कुलूप असायचं. उद्या सकाळी आठशिवाय डॉक्टरीणबाई भेटणार नव्हत्या. संध्याकाळी मधलीने स्वयंपाकघरात मावशीला गाठलं आणि डब्यापासून चिठ्ठीपर्यंत सगळं सांगितलं.

मावशी भांडी पुसत ऐकत होती. शेवटी तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आत्ता नको गं काढू हा विषय. त्यांचं डोकं आधीच तापलेलं आहे."

"पण मावशी, कोंबडीवाला उद्या येणार आहे."

"दहाला येईल ना? त्याच्या आत आणा डॉक्टरीणबाईंना. मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकतील ते."

"तोवर काजळीला हात लावू देऊ नकोस."

"बरं."

"नक्की?"

"अगं, बरं म्हटलं ना."

गुरुवारी सात वाजता चार मुलं तीन सायकलींवरून निघाली. दवाखान्याच्या पायरीवर पाऊण तास बसली. डॉक्टरीणबाईंनी आधी एका म्हशीचं खूर बघितलं, मग यांचं ऐकलं. डब्यातला नमुना मधलीने कागदात बांधून आणला होता. बाईंनी त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो फसफसला, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"कोणत्या शहाण्याने हे केलं?"

तिघांनी चष्मिसकडे पाहिलं. मग चष्मिस म्हणाला, "माझ्या बाबांनी."

बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलली. "चला. मी गाडी घेते, तुम्ही पुढे व्हा."

साडेनऊ वाजता सगळे अंगणात पोचले. मधली सायकल टाकून थेट खुराड्याकडे धावली. भांडकुदळ उठून उभी होती, आणि तिने मधलीच्या अंगठ्याला टोच मारली. जुळ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यातली टोपली रिकामी होती. काजळी नव्हती, अंडीही नव्हती.

"तो लवकर आला," मावशी दारातून म्हणाली. तिने पदराला हात पुसले, मग परत पुसले. "साडेसातलाच. उन्हं चढायच्या आत जायचं म्हणाला. या तिघींना बघून तो म्हणाला, आजारी माल मी नेत नाही. एकच धडधाकट आहे, ती देता का? मी म्हटलं ह्यांना, थांबा जरा म्हणून. म्हटलं मी."

"आणि?"

"आणि त्यांनी दिली."

शिट्टी सायकल वळवून केव्हाच निघाली होती. कोंबडीवाल्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. चौघांत सगळ्यांत जोरात तीच चालवायची.

"अंडी कुठे आहेत?" मधलीने विचारलं.

"फ्रिजमध्ये," मावशी म्हणाली.

मधलीने कोपऱ्यातली रिकामी टोपली उचलून आत नेली आणि फ्रिज उघडला. दाराच्या खाचांमध्ये नऊ अंडी ओळीने उभी होती. धुऊन, पुसून. पेन्सिलीच्या तारखा निघून गेल्या होत्या. तिने एक हातात घेतलं. ते गार होतं.

"वाया कशाला घालवायची, म्हणून मीच ठेवली," काका मागून म्हणाले. ते ओसरीवरून आत आले होते, आणि डॉक्टरीणबाईंना बघून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "अरे, या या. तुम्हाला यांनी त्रास दिला वाटतं."

मधलीला ओरडावंसं वाटत होतं. तिने अंडं टोपलीत ठेवलं, बाकीची आठ ठेवली, आणि खिशातून चिठ्ठी काढली. हे काकांना कसं विचारायचं, याचा काल रात्रभर तिने आणि चष्मिसने विचार केला होता. 'हे तुम्ही चुकीचं वाचलंत' असं म्हटलं असतं, तर काका म्हणाले असते, मुळीच नाही, चुराच वाचला.

"काका, एक शब्द अडलाय. एवढा वाचून दाखवता?"

शब्द अडला म्हटल्यावर काकांना राहवेना. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. "चुना. डब्याला दोन मुठी. यात अडण्यासारखं काय आहे? सगळं स्वच्छ तर लिहिलंय."

"चुना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर, मी फोनवर चुरा म्हणाले होते. शिंपल्यांचा चुरा."

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. काकांनी चिठ्ठी लांब धरली, मग जवळ धरली.

"काना चिकटलाय," ते पुटपुटले. "र ला काना चिकटलाय."

"तुम्ही कोंबड्यांना कळीचा चुना खाऊ घातलात," बाई म्हणाल्या. "हा रोग नव्हे. तोंडापासून पोटापर्यंत भाजल्या आहेत त्या. या मुलांनी परवाच डबा बंद केला, म्हणून तीन वाचल्या."

"मला वाटलं..." काका म्हणाले. त्यांना काय वाटलं होतं, ते कुणालाच कळलं नाही.

बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि बॅटरीच्या झोतावर एकेक अंडं धरून बघितलं. नववं झाल्यावर त्यांनी बॅटरी बंद केली. "भरली होती सगळी. हालचाल कुठेच नाही. दोन तास फ्रिजमध्ये म्हणजे..." त्यांनी मधलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही यात."

"मला माहीत आहे," मधली म्हणाली.

तेवढ्यात शिट्टी परत आली. तिने सायकल भिंतीला लावली, आणि ती सरळ उभी राहीना म्हणून परत लावली.

"मी पोचले तेव्हा तो दुकान धूत होता," ती म्हणाली.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. संध्याकाळी शिट्टीचे आईवडील आले, गवंडी काम आटोपून आला, दोन घरं सोडून राहणारे पोस्टमनही आले. डॉक्टरीणबाई भांडकुदळच्या जिभेला औषध लावायला दुसऱ्यांदा आल्या होत्या.

"पाणी पडल्यावर डबा तापला, यावरून शोधलं पोरांनी," पोस्टमन म्हणाले. "पोलिसांना जमलं नसतं."

"माझ्या दवाखान्यात मोठी माणसं येऊन नुसतं 'काहीतरी झालंय' म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही मुलं नमुना घेऊन आली. कोणती कोंबडी आजारी नाही, हे या मुलीने बघितलं. ते बघणं सगळ्यांत अवघड असतं."

मावशीने मधलीच्या केसांवरून हात फिरवला. मधलीने मान जराशी बाजूला घेतली.

काका खुर्चीतून उठले. त्यांनी घसा साफ केला, बक्षीस समारंभात करायचे तसा. "मी पहिल्यापासून सांगत आलो आहे, मुलांना निरीक्षणाची सवय हवी. शिस्त हवी. रोज एक पान लिहिलं की नजर तयार होते, अक्षरातली खोच कळते. त्याचंच हे फळ. चिठ्ठीतली एक बारीकशी चूक या मुलीने पकडली. शाबास."

"कुणाची चूक, ते नाही सांगितलंत बाबा," चष्मिस म्हणाला. त्याने चष्मा काढून हातात धरला होता, त्यामुळे वडिलांचा चेहरा त्याला दिसत नसावा.

"चूक चूक असते. कुणाची ते महत्त्वाचं नाही."

"मंगळवारी होतं," मधली म्हणाली. "मंगळवारी तुम्ही माझं नाव घेऊन सांगितलं होतंत. शिट्टीच्या आईंना ऐकू जाईल असं."

शिट्टीची आई जमिनीकडे बघायला लागली. गवंड्याने खिशात काहीतरी शोधलं, ते सापडलं नाही.

"बरं, बरं," काका म्हणाले. "लहान तोंडी मोठा घास नको. तुझं कौतुकच करतोय मी. सांग, काय बक्षीस हवं तुला? तीन कोंबड्या वाचवल्यास. नवी कोंबडी आणू? काळी आणू?"

मधली आत गेली. लोकांना वाटलं, लाजली. ती टोपली घेऊन बाहेर आली. तीच, खुराड्याच्या कोपऱ्यातली. आत नऊ अंडी होती.

"ही टाकून यायची आहेत," ती म्हणाली. "खाता येणार नाहीत. आत पिल्लं आहेत."

"मग टाक ना. शिट्टीला घेऊन जा."

"मी नाही. तुम्ही."

तिने टोपली त्यांच्या हातात दिली. काकांनी ती घेतली, कारण कुणी काही पुढे केलं की घ्यायची त्यांना सवय होती. अंडी एकमेकांवर घरंगळून किणकिणली, आणि त्यांनी घाईने दोन्ही हातांनी टोपली सांभाळली.

मधली खुराड्याकडे निघाली. तिघींना पाणी द्यायचं होतं, आणि मांजर भिंतीवर येऊन बसलं होतं. हेडमास्तर अंगणाच्या मधोमध टोपली धरून उभे होते, आणि ती कुठे न्यायची, कुठे ठेवायची, हे त्यांना कुणीही सांगत नव्हतं.